चांदनी चौक : आधी पाट होता, मोटारी नंतर आल्या

जुन्या दिल्लीतल्या चांदनी चौकात सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी आहे. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा साधारण 1.3 किलोमीटरचा रस्ता 12 सप्टेंबर 2021 रोजी नव्या रूपात खुला झाला. बंदी नवी आहे, पण रस्त्याचा इतिहास पाहिला तर इथे उपरी कोण, तर मोटारच.

शाहजहानने 1639 मध्ये यमुनाकाठी लाल किल्ल्याचे काम सुरू केले आणि 1648 मध्ये तो तिथे राहायला आला. किल्ल्यासमोरचा बाजार मात्र त्याची मुलगी जहाँआरा हिने 1650 च्या सुमारास वसवला. रस्ता सुमारे 40 यार्ड रुंद. मधोमध यमुनेच्या कालव्यातून आणलेला पाण्याचा पाट, पाटाच्या कडेने सावलीची झाडे, त्यामागे दोन्ही अंगांना दुकानांची सलग ओळ. मध्यावर एक प्रशस्त चौक आणि त्यात हौद. चांदनी चौक हे नाव आधी तेवढ्याच जागेचे होते. बाजाराच्या बाकीच्या तुकड्यांना उर्दू बाजार, जौहरी बाजार, फतेहपुरी बाजार अशी वेगळी नावे होती. चौकाच्या उत्तरेला जहाँआराची सराई आणि बाग होती. इराणचे आणि मध्य आशियाचे बडे व्यापारी तिथे उतरत. या रस्त्यावरून बादशाही मिरवणुका जात, हत्ती-घोडे आणि पालख्याही जात. तरी पाणी आणि सावली ज्याच्या मधोमध ठेवली आहे, तो रस्ता थांबत-रेंगाळत चालणाऱ्यांसाठीच आखलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

याच रस्त्याने फार रक्तही पाहिले. 1675 मध्ये कोतवालीजवळ गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला; आज तिथे सीसगंज गुरुद्वारा आहे. मार्च 1739 मध्ये जवळच्याच सुनहरी मशिदीत बसून नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिला. पुढे मराठे दिल्लीच्या राजकारणात उतरले आणि 1803 मध्ये इंग्रजांनी पराभव करेपर्यंत शिंद्यांचा इथे दबदबा राहिला. जैन मंदिराशेजारचे गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर या मराठा सरदाराने 1761 मध्ये बांधल्याचे सांगतात. पानिपताचे तेच वर्ष. दिल्लीला जाणारा मराठी माणूस लाल किल्ला पाहून परततो, या मंदिराकडे मात्र क्वचित वळतो, याची हळहळ वाटते.

रस्त्याचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते 1857 नंतर. तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून इंग्रजांनी किल्ल्यासमोरची दाट वस्ती पाडली, त्यात उर्दू बाजार गेला. जहाँआराची सराई गेली आणि तिच्या जागी 1860 च्या दशकात टाउन हॉल उभा राहिला. हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला; तो 1950 च्या आसपास ढासळला, तरी लोक आजही त्या भागाला घंटाघरच म्हणतात. 1908 मध्ये ट्राम धावू लागली. ती 1960 च्या दशकात बंद झाली, पण तोवर पाट कधीच बुजला होता आणि मोकळी झालेली जागा वाहनांनी व्यापली होती.

फाळणीनंतर इथला घाऊक व्यापार प्रचंड वाढला. चौकाभोवतीची दारे असलेली आवारे, म्हणजे कटरे, मुळात एकेका मालाची किंवा व्यापारी जमातीची. कटरा नीलमध्ये आजही कापडाचे गठ्ठे उतरतात. दरिबा कलाँमध्ये चांदी, किनारी बाजारात गोटा-जरी, तर सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिच्या जुन्या हवेलीभोवती, भागीरथ पॅलेसमध्ये, विजेच्या सामानाची दुकाने. या साऱ्या मालाची ने-आण त्याच एका रस्त्यावरून होत राहिली आणि हातगाड्या, रिक्षा, मोटारी, टेम्पो एकमेकांत अडकून पडू लागले. पुनर्विकासाची योजना बरीच वर्षे रखडली, दिल्ली उच्च न्यायालयातही गाजली. काम सुरू झाले ते 2018 च्या अखेरीस. तारा जमिनीखाली गेल्या, पदपथांना लाल दगड लागला. मधल्या पट्ट्यात जिथे कधी पाणी वाहत होते, तिथे आता झाडांसोबत ट्रान्सफॉर्मर आणि स्वच्छतागृहेही आहेत. सायकल रिक्षांना मुभा आहे. माल चढवण्या-उतरवण्याचे टेम्पो रात्री 9 नंतर आत येऊ शकतात.