कात्री मिटण्याआधीच हात सावरतो

खुड्याच्या दिवसांत काकांच्या द्राक्षबागेत गेले की माझी नजर घडांवर कमी आणि काकूच्या हातांवर जास्त असते. बाग दिंडोरी तालुक्यात आहे. फेब्रुवारीचं ऊन मांडवातून झिरपत असतं आणि काकू मान वर करून एकामागून एक घड उतरवत जाते. डाव्या चिमटीत देठ, उजव्या हातात कात्री. "मण्याला बोट लावू नको हं, देठालाच धर," हे ती दर वर्षी बजावते. मण्यावरचा पांढुरका थर पुसला गेला की माल हाताळलेला दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो.

यंदा मी तिला म्हटलं, देठ मी धरते, कात्री तू चालव. कट्ट आवाज झाला आणि माझा हात बोटभर खाली गेला. पुढचा घड मीच धरला आणि मीच कापला. हात जागचा हलला नाही. घड जवळपास तेवढाच, डोळे दोन्ही वेळा कात्रीवरच. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी कात्री मिटण्याचा हुकूम माझ्याच मेंदूने सोडला होता. उजव्या हाताला हुकूम देताना त्याने डाव्या हातालाही सावध केलं होतं: वजन येतंय, आवळ.

स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी 1980च्या दशकात हे मोजून दाखवलं. चिमटीत धरलेल्या भांड्यात माणसाने आपल्याच दुसऱ्या हाताने चेंडू टाकला, तर चेंडू आपटण्याआधीच पकड घट्ट होते. दुसऱ्या कुणी अवचित टाकला, तर ती मागाहून घट्ट होते, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने.

सेकंदाचा दहावा भाग ऐकायला काहीच वाटत नाही. पण तेवढ्या वेळात मोकळी सुटलेली वस्तू जवळजवळ 5 सेंटिमीटर खाली येते. स्पर्शाची खबर नेणारे चेतातंतू सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर वेगाने काम करतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पाव हिस्साही नाही. खबर पोचायची, हुकूम परत यायचा, वर स्नायूला जोर धरायला वेळ लागतो. प्रत्येक हालचाल खबर आल्यावरच सुरू करायची ठरवली असती, तर काकूच्या पायाशी घडांचा सडा पडला असता. म्हणून मेंदू आधी अंदाज बांधतो, हात हलवतो, आणि मागून येणाऱ्या खबरीशी तो अंदाज ताडून पाहतो.

ही ताडून पाहण्याची सोय किती बारीक आहे! एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 तंतू पसरलेले आहेत. देठ केसभर सरकला तरी ते कळवतात, आणि ते जाणवायच्या आत चिमट आवळली गेलेली असते. त्यामुळेच आपण कुठलीही वस्तू निसटू नये इतपत, वर थोडीशीच जास्त, दाबून धरतो. रेशीम असेल तर जास्त, खरखरीत पॉलिश पेपर असेल तर कमी. बोटं बधिर केली की हा हिशेब चुकतो आणि माणूस गरजेपेक्षा कितीतरी जोराने दाबतो. पहाटेच्या थंडीत बोटं गारठलेली असताना काकूच्या हातूनही देठ चिरडतो, तो याचमुळे असावा असं मला वाटतं.

त्वचेइतकीच महत्त्वाची खबर आतून येते. स्नायूंमध्ये चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात आणि स्नायू किती ताणला गेलाय ते सतत सांगत राहतात. त्यांच्या जोरावर काकू न बघता घड बरोबर क्रेटमध्ये ठेवते. इंग्लंडच्या इयान वॉटरमन यांची ही जाणीव 1971 मध्ये, वयाच्या 19व्या वर्षी, एका आजारानंतर मानेखाली पूर्ण गेली. स्नायू शाबूत होते, पण हात कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळेना. बसणं, चालणं ते नव्याने शिकले, प्रत्येक हालचाल डोळ्यांनी राखत. दिवे गेले की ते कोसळत. जिद्दीची ही कहाणी आठवली की मला आजही गलबलून येतं.

अंदाज बांधण्याच्या कामात डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. वजनाने तो एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ 6,900 कोटी त्याच्यातच आहेत. त्याला इजा झाली तर लकवा होत नाही. पेला घ्यायला गेलेला हात मात्र पेल्याच्या पुढे जातो, मागे येतो, थरथरतो.

संध्याकाळी क्रेट ट्रॉलीत चढवताना मी एक क्रेट भरलेला समजून उचलला. कागद अंथरलेला, आत माल नव्हताच. क्रेट छातीपर्यंत उसळला आणि मी दोन पावलं मागे गेले. काकांनी हात देऊन सावरलं. शेजारचाही रिकामाच होता. तो मी रिकामा समजूनच उचलला, आणि या वेळी तो अगदी अलगद वर आला.