असमान टायर (ऑल-व्हील ड्राइव्ह मोटारींतील)

इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणाऱ्या मोटारीत एक किंवा अधिक चाकांवर वेगळ्या परिघाचा टायर असणे, म्हणजे असमान टायर. टायरचे माप वेगळे असेल, कंपनी वेगळी असेल किंवा नुसती झीज वेगळी असेल, तरी ही स्थिती येते. फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तिचा त्रास बहुतेक करून पकड, ब्रेक आणि एका बाजूला ओढ यांपुरता राहतो. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मात्र चारही चाके लोखंडाने एकमेकांशी बांधलेली असतात आणि टायरचे बिल ट्रान्स्फर केसला, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला, भरावे लागते.

टायरवरचा आकडा बहुतेकांनी वाचलेला असतो, पण त्यातला कोणता भाग इथे कामाचा, ते क्वचितच कोणी पाहते. २२५/६० आर १७ असे लिहिले असेल तर टायर २२५ मिलिमीटर रुंद आहे, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १३५ मिलिमीटर आहे आणि रिम १७ इंची म्हणजे सुमारे ४३२ मिलिमीटर व्यासाची आहे. रिम अधिक दोन्हीकडची उंची धरली की पूर्ण व्यास ७०२ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २,२०५ मिलिमीटर भरतो. ऑल-व्हील ड्राइव्हला यातल्या फक्त शेवटच्या आकड्याशी देणेघेणे आहे. दुकानात ६० चा टायर नाही म्हणून ६५ चा बसवला, तर रुंदी तीच आणि रिमही तीच राहते, डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण व्यास साडेबावीस मिलिमीटरने वाढतो. हा फरक तीन टक्क्यांहून जास्त झाला.

उलट उदाहरणही आहे. बीएमडब्ल्यू एक्स-५ च्या काही आवृत्त्यांत पुढे २५५/५० आर १९ आणि मागे २८५/४५ आर १९ असे टायर कारखान्यातूनच येतात. आकडे पाहून जोडी विजोड वाटते. हिशेब केला तर पुढचा व्यास ७३७.६ आणि मागचा ७३९.१ मिलिमीटर निघतो. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. म्हणजे आकडे वेगळे असूनही टायर समान असू शकतात आणि आकडे तेच असूनही असमान असू शकतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने लहानमोठे निघतात आणि घासलेला टायर तर लहानच असतो.

झिजेचा हिशेब

कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. भारतात ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद समजतात. खाचांच्या तळाशी असलेली उंच पट्टी नक्षीच्या पातळीला येते, तीच त्याची खूण. अर्धा घासलेला, ४ मिलिमीटर नक्षी उरलेला टायर आणि त्याच मापाचा कोरा टायर यांच्या व्यासात ८ मिलिमीटरचा, तर परिघात सुमारे २५ मिलिमीटरचा फरक पडतो. वरच्या मापात कोरे चाक एका किलोमीटरला सुमारे ४५४ फेऱ्या घेते, घासलेले ४५९. पाच फेऱ्या म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण मुंबईहून पुण्याला जाईपर्यंत हा फरक साडेसातशेच्या वर जातो.

गाडी वळते तेव्हाही चाकांच्या फेऱ्या सारख्या नसतात आणि त्यासाठीच तर पुढच्या आणि मागच्या जोडीत डिफरेन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या फेऱ्या घेऊ देणारा गिअरचा संच, असते. दीड मीटर रुंदीवर चाके असलेली गाडी यू-टर्न घेते तेव्हा बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालते, म्हणजे दोनच फेऱ्या जास्त. काम संपले की डिफरेन्शिअलमधले छोटे गिअर स्थिर होतात. असमान टायरांच्या गाडीत त्यांना ही उसंत नसते. सरळ रस्त्यावर, ताशी १०० च्या वेगाने, तासन् तास ते फिरत राहतात. थोडा वेळ, कमी वेगात फिरण्यासाठी बनवलेल्या भागाला अखंड जुंपले की तेल तापते, पातळ होते आणि धातू धातूला लागतो.

एकाच चाकावर वेगळा टायर असेल तर त्या जोडीचे डिफरेन्शिअल दोन चाकांची सरासरी काढते, त्यामुळे त्या जोडीला ताकद पोचवणाऱ्या लांब दांड्यापर्यंत, म्हणजे प्रोपेलर शाफ्टपर्यंत, निम्मा फरक पोचतो. पुढचे दोन्ही जुने आणि मागचे दोन्ही नवे असतील तर पुढची-मागची डिफरेन्शिअल निवांत राहतात आणि सगळा भार मधल्या जोडणीवर, म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट जिथे जोडले जातात तिथे, येतो. दोन नवे टायर तिरपे बसवले, म्हणजे पुढे डावा आणि मागे उजवा, तर कागदावर मधल्या जोडणीला काहीच फरक दिसत नाही. ही युक्ती सुचवणारे भेटतात. पण त्यात दोन्ही डिफरेन्शिअल कायम फिरत राहतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना प्रत्येक जोडीची पकड डावी-उजवीकडे वेगळी पडते. गणित बरोबर असले, तरी सल्ला वाईटच.

मधली जोडणी कशी, तसे नुकसान

ऑल-व्हील ड्राइव्हच्या मध्यभागी काय आहे, यावर सगळे अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या फोर-बाय-फोर जीपमध्ये, आजच्या थार किंवा जिम्नीमध्येही, मध्ये डिफरेन्शिअल नसते. लिव्हर टू-एचवर असेपर्यंत पुढची चाके इंजिनापासून सुटी असतात आणि पुढच्या-मागच्या टायरांतला फरक निमूट खपून जातो. फोर-एच लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूप लावल्यासारखे जखडतात. चिखलात, वाळूत चाके थोडी घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटायला जागा नसते. वळताना गाडी अडखळते, उड्या मारल्यासारखी चालते आणि नंतर लिव्हर काढायला जावे तर तो हलत नाही. सम टायर असतानाही हे होते. असमान असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा.

कायम चारही चाकांवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीसाठी म्हणूनच मधले डिफरेन्शिअल लागले. १९६६ ची जेन्सन एफएफ ही ब्रिटिश गाडी यातली एक आद्य. तिच्यातली यंत्रणा हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधन कंपनीची होती. तेच फर्ग्युसन, ज्यांचे नाव आपल्याकडे ट्रॅक्टरमुळे घरोघरी माहीत आहे. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वाट्रो आणली आणि ही कल्पना नेहमीच्या गाड्यांत रुळली. नुसते गिअरचे मधले डिफरेन्शिअल असमान टायर बऱ्यापैकी सोसते. टॉर्सेनसारखे पकड असलेले डिफरेन्शिअल घर्षणावरच चालते, त्यामुळे तेही झिजते, पण सावकाश.

व्हिस्कस कपलिंगचे तसे नाही. त्याच्या बंद डब्यात छिद्रांच्या पातळ चकत्या असतात; एकाआड एक चकती पुढच्या आणि मागच्या शाफ्टला जोडलेली आणि मध्ये सिलिकॉनचे तेल. दोन्ही शाफ्टच्या वेगात फरक पडला की तेल घुसळले जाते, तापते आणि चकत्या एकमेकींना धरू लागतात. एक चाक चिखलात फिरू लागले की मागच्यांना ताकद जावी, यासाठीची ही सोय. असमान टायर तीच परिस्थिती कायमची निर्माण करतात. १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या लँड रोव्हर फ्रीलँडरचे कपलिंग जुनाट होऊन घट्ट झाले, की त्याचा ताण पुढच्या ट्रान्स्फर गिअरबॉक्सवर येतो, हे तिच्या मालकांना पाठ झालेले दुखणे. त्यावर टायरांची विजोड जोडी म्हणजे आगीत तेल.

१९९८ पासून ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फच्या फोर-मोशन आवृत्तीत मागची चाके गरजेनुसार जोडणारा हॅल्डेक्स क्लच आला. त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगातला फरकच तेलाचा पंप चालवत असे आणि त्या दाबाने क्लच प्लेट आवळल्या जात. टायर लहानमोठे असले की पंपाच्या दृष्टीने गाडी सतत घसरतेच आहे. नंतरच्या पिढ्यांत विजेचा पंप आणि संगणक आला. संगणक बराच फरक पोटात घालतो. मर्यादा ओलांडली की क्लच सोडून देतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. ऐन घाटात, पावसात फोर-व्हील गेल्याचे कळते ते असे. महाराष्ट्रात याचा संबंध थेट आहे: शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या स्कोडा यती आणि कोडिॲकच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांत हीच यंत्रणा. रांजणगावात बनणारी जीप कंपासची फोर-बाय-फोर आवृत्तीही गरजेनुसार मागची चाके जोडणाऱ्या जातीची.

दोन मोटरींच्या विजेच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा शाफ्टच नसतो, त्यामुळे मधल्या जोडणीचा प्रश्न उरत नाही. एकाच जोडीतली दोन चाके तरीही सारखी हवीत. तिथे डिफरेन्शिअल आहेच.

शेतातला अपवाद

पुढची चाके लहान, मागची मोठी आणि तरीही चारही ओढणारी, असे यंत्र रोज दिसते. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आसाचा गिअर असा निवडलेला असतो की लहान चाके जमिनीवर मागच्यांपेक्षा किंचित, साधारण एक ते पाच टक्के, पुढे धावू पाहतात. ही आघाडी मुद्दाम ठेवलेली असते. पुढची चाके ट्रॅक्टरला खेचतात. द्राक्षबागेत फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरपासून ऊस ओढणाऱ्या मोठ्यापर्यंत हे प्रमाण कंपनी ठरवते. मागे नवे मोठे टायर घातले आणि पुढचे घासलेले ठेवले, तर आघाडी संपते आणि पुढची चाके नुसती फरपटतात. मागचे झिजलेले आणि पुढचे कोरे असतील, तर आघाडी वाढून पुढचे टायर व गिअर दोन्ही खातात. मऊ रानात माती हा फरक गिळते. ट्रॉली जोडून डांबरी रस्त्याने जाताना पुढचा गिअर काढायचा विसरले, तर पुढच्या टायरच्या गुट्ट्या एका हंगामातच बोथट दिसू लागतात.

ओळख आणि मोजमाप

पहिली खूण पार्किंगमध्ये मिळते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढली की ती कोणी धरून ठेवल्यासारखी ओढते, टायर चिरचिरतात, खालून धक्के बसतात. पुढे ठराविक वेगाला गुणगुण ऐकू येते आणि लांबच्या प्रवासानंतर गिअर ऑइलचा जळका वास. वास येईपर्यंत थांबले तर काम टायरवाल्याकडचे राहत नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. चारही चाकांत हवा सारखी करून टायरच्या तळाशी आणि बरोबर त्याखाली जमिनीवर खडूची रेघ मारायची, गाडी सरळ दहा फेऱ्या ढकलायची आणि पुन्हा जमिनीवर रेघ मारायची. वरच्या उदाहरणातला अर्धा घासलेला टायर कोऱ्यापेक्षा पंचवीस सेंटिमीटर मागे राहतो. वीतभर फरक, चष्मा न लावता दिसणारा. हवेच्या दाबाने परीघ बदलतो तो फारच थोडा, कारण रेडियल टायरच्या पोटातला पोलादी पट्टा ताणत नाही. पण तोही इतका थोडा नाही की गाडीला कळू नये: हवा कमी झाल्याचा दिवा लावणाऱ्या काही यंत्रणा एबीएसच्या सेन्सरवरून चाकाच्या फेऱ्याच मोजतात.

किती फरक चालतो याला सार्वत्रिक उत्तर नाही, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. सुबारू या जपानी कंपनीची शिस्त सगळ्यांत कडक समजली जाते: परिघात पाव इंच. नक्षीत मोजले तर हे एक मिलिमीटर होते. म्हणजे पंधरा हजार किलोमीटर चाललेल्या संचातला एक टायर दगडाने फाटला आणि तिथे कोरा घातला, तर ही मर्यादा बहुधा ओलांडलीच.

आपल्याकडे टायरच्या दुकानात ठरलेले वाक्य ऐकू येते: "साहेब, दोनच टाका, बाकीचे दोन अजून वीस हजार आरामात चालतील." साध्या गाडीसाठी सल्ला चुकीचा नाही. ऑल-व्हील ड्राइव्हसाठी तो देणारा वाचवतो दोन टायरचे पैसे आणि पणाला लावतो त्याच्या कितीतरी पट महाग जोडणी. अमेरिकेत नवा टायर जुन्यांच्या पातळीपर्यंत तासून देणारे विक्रेते आहेत. कोरी नक्षी पैसे देऊन काढायची हे आपल्या ग्राहकाला पटणे कठीण. त्यापेक्षा आठ-दहा हजार किलोमीटरला टायर फिरवणे, म्हणजे त्यांच्या जागा आपसांत बदलणे, आणि पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर तिलाही त्या फेऱ्यात घेणे सोपे. पाचही बरोबरीने झिजतात आणि एक फाटला तर जोडीचा टायर गाडीतच असतो.

बारीक स्टेपनीने हे गणित बिघडते. २३५/६० आर १८ च्या गाडीला १५५/९० मापाची १७ इंची तात्पुरती स्टेपनी लावली की व्यास २८ मिलिमीटरने घटतो, जवळजवळ चार टक्के. अशा स्टेपनीवर लिहिलेली ताशी ८० ची मर्यादा ऑल-व्हील ड्राइव्हसाठी सैलच म्हणायची. जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, हळू, एवढाच तिचा उपयोग. सुबारूच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत यावर सुटसुटीत तोड होती. बोनेटखाली एक रिकामा फ्यूजचा खण; स्टेपनी लावली की त्यात फ्यूज खोचायचा आणि मागच्या चाकांची ताकद बंद करायची.

हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल, असा बदल भारतात जुलै २०२० मध्ये नियमांत झाला. किट खिळ्याच्या भोकाला पुरते, बाजूने फाटलेल्या टायरला नाही. तेव्हा क्रेन बोलवावी लागते आणि क्रेनवाल्याने पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर ओढत नेली, तर दोन चाके थांबलेली आणि दोन फिरणारी, अशी असमानतेची कमाल होते. कित्येक ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांची मधली जोडणी अशा काही किलोमीटरांतच जाते. चारही चाके वर घेणारी सपाट गाडीच मागवायची, हे फोनवरच सांगावे लागते.