राउटिंग

राउटिंग म्हणजे एका नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरचा डेटा मधली दहा नेटवर्कं ओलांडून भलत्याच नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरपर्यंत न्यायचा तर वाट कशी ठरवायची ते काम, आणि हे काम जे मशीन करतं ते राउटर. नेटवर्कचं काम एकावर एक थरांत (लेयरमध्ये) वाटून दाखवणारं ओएसआय मॉडेल आहे, त्याच्या सात लेयरपैकी हा तिसरा, नेटवर्क लेयर. टीसीपी/आयपी मॉडेलमध्ये चारच लेयर धरतात आणि तिथे यालाच इंटरनेट लेयर म्हणतात. ओएसआय १९८४ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्ड झालं खरं, पण इंटरनेट चालतं टीसीपी/आयपीवरच. ओएसआयचे लेयर नंबर तेवढे बोलण्यात टिकून आहेत, "लेयर टू स्विच" वगैरे.

वरून खाली येताना प्रत्येक लेयर डेटाला आपला हेडर (पत्ता वगैरे माहितीची चिठ्ठी) लावत जातो. टीसीपी पोर्ट नंबर लावतं (डेटा कॉम्प्युटरमधल्या कोणत्या प्रोग्रॅमसाठी ते सांगणारा), आयपी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी ॲड्रेस लावतं (आयपीव्ही४ मध्ये ३२ बिट, आयपीव्ही६ मध्ये १२८), आणि सगळ्यात बाहेर इथरनेटची (लोकल नेटवर्कची) फ्रेम म्हणजे पाकीट, तिच्यावर ४८ बिटचे मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डांचे पत्ते.

आता खरी गंमत राउटरवर होते. फ्रेम आली की राउटर बाहेरचा हेडर काढून टाकतो, आतला डेस्टिनेशन आयपी बघतो, आपल्या टेबलात (कुठल्या पत्त्यासाठी पुढे कुणाकडे पाठवायचं त्याची यादी) शोधून पुढचा राउटर कोणता ते ठरवतो आणि त्या पुढच्याचा मॅक ॲड्रेस घालून पॅकेट (आयपी हेडरसकट डेटाचा तुकडा) नव्या फ्रेममध्ये पाठवून देतो (आयपीव्ही४ मध्ये तो मॅक एआरपी या प्रोटोकॉलने विचारून घेतात). म्हणजे मॅक ॲड्रेस दर हॉपला (एका राउटरवरून पुढच्यावर जाताना) बदलतो, आयपी ॲड्रेस मात्र शेवटपर्यंत तोच राहतो, मध्ये नॅट (वाटेत आयपी ॲड्रेस बदलणारी सोय) असेल तर गोष्ट वेगळी. आणि पूर्ण रस्ता कुठल्याच राउटरला माहीत नसतो, त्याला फक्त पुढची पायरी कळते, बाकीचं पुढचे बघून घेतील! पॅकेट पोचलं की नाही हेही तो बघत बसत नाही, हरवलेलं परत पाठवायचं काम दोन्ही टोकांच्या टीसीपीचं.

टेबलात एकाच ॲड्रेसला दोन नोंदी लागू पडल्या तर जी जास्त नेमकी ती जिंकते. १०.१.२.३ साठी १०.०.०.०/८ आणि १०.१.०.०/१६ (रेषेपुढचा आकडा म्हणजे ॲड्रेसचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत) दोन्ही असतील तर /१६ वाली धरायची, आणि काहीच जुळलं नाही तर डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यांसाठीची वाट), तोही नसेल तर पॅकेट फेकून द्यायचं.

हे टेबल हाताने भरता येतं, पण नेटवर्क मोठं झालं की राउटरच एकमेकांना सांगून भरतात, आणि त्यासाठी आरआयपी, ओएसपीएफ, बीजीपी असे प्रोटोकॉल (बोलण्याचे नियम) असतात. आरआयपी नुसते हॉप मोजतं, १५ च्या पुढे गेलं की "पोचता येत नाही" असं धरतं, त्यामुळे मोठ्या नेटवर्कात त्याचा उपयोग नाही. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपल्या एरियाचा (नेटवर्कच्या आपल्या भागाचा) नकाशा बनवतो आणि डाइक्स्ट्राच्या अल्गोरिदमने सगळ्यात स्वस्त वाट काढतो. हे झालं एका संस्थेच्या आतलं. वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्कं जोडतं ते बीजीपी, आणि तिथे जवळची वाट कोणती यापेक्षा कुणाचा कुणाशी काय करार आहे हे जास्त चालतं.

बीजीपी मुळात विश्वासावर उभं आहे आणि ते कधीकधी महागात पडतं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशात बंद करायचं होतं, त्यांनी यूट्यूबच्या /२२ पट्ट्यातला एक /२४ तुकडा आपला म्हणून जाहीर केला, ती नोंद बाहेर निसटली, आणि /२४ जास्त नेमका असल्यामुळे जगभरातलं यूट्यूबचं ट्रॅफिक तिकडे वळलं, साधारण दोन तास हा गोंधळ चालला. नियम तोच वरचा, राउटरांनी काही चूक केली नाही. आता आरपीकेआयने (पट्टा कुणाचा याच्या डिजिटल सहीच्या नोंदींनी) तो पट्टा जाहीर करायचा हक्क त्या नेटवर्कला आहे का हे तपासता येतं, पण सगळेच तपासतात असं नाही.

टेबलं बदलत असताना पॅकेट दोन राउटरमध्येच गोल फिरत राहू शकतं. त्यासाठी आयपी हेडरमध्ये टीटीएल (पॅकेटचं उरलेलं आयुष्य) असतो, ८ बिटचा, म्हणजे जास्तीत जास्त २५५; प्रत्येक राउटर त्यातून एक कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला आयसीएमपीने (अडचणी कळवायच्या प्रोटोकॉलने) कळवतो. पॅकेटची वाट दाखवणारं ट्रेसराउट हे टूल याचाच फायदा घेतं, टीटीएल १, २, ३ असा वाढवत पॅकेटं सोडायची आणि कुठून कुठून उत्तर येतं ते बघायचं. मध्येच चांदण्या (*, म्हणजे उत्तर आलं नाही) दिसल्या म्हणून लगेच लाइन तुटली असं समजू नये, बरेच राउटर उत्तरच देत नाहीत, आणि परतीची वाट वेगळी असू शकते ती यात दिसतच नाही.