गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती (खेळाडूंमधील)

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडून ठेवणारे लिगामेंट, म्हणजेच अस्थिबंध, खेळताना ताणले जाणे, अर्धवट फाटणे किंवा पूर्ण तुटणे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल, बास्केटबॉल अशा वळणाच्या, उडीच्या आणि झटापटीच्या खेळांत या दुखापती वारंवार होतात. मैदानावर त्यांना ‘लिगामेंट गेलं’ एवढ्या दोनच शब्दांत उरकले जाते. नेमके कोणते गेले आणि किती गेले, ही चौकशी बहुधा उशिरा होते आणि उपचारांतला निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

गुडघ्यात चार मुख्य लिगामेंट असतात. दोन सांध्याच्या आत, एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे. त्यांतले पुढचे एसीएल नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पिळवटण्यालाही आवर घालते. मागचे पीसीएल नडगीला मागे जाऊ देत नाही. उरलेली दोन बाजूंना असतात : आतल्या अंगाला एमसीएल, बाहेरच्या अंगाला एलसीएल. हाडांच्या मधे दोन कूर्चेच्या चकत्या असतात, त्यांना बोलीत ‘गादी’ म्हणतात. लिगामेंटबरोबर गादीही फाटणे ही नेहमीची जोडी आहे. एसीएल लांबीला जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर असते, पण खेळाडूची कारकीर्द थांबवण्यात त्याच्याइतका वाटा दुसऱ्या कोणत्याही लिगामेंटचा नाही.

कशी होते : एसीएलच्या बहुतेक दुखापती कोणाच्या धक्क्याने होत नाहीत. खेळाडू वेगात असतो, पाय जमिनीत रोवतो आणि धड दुसरीकडे वळवतो, किंवा उडीनंतर गुडघा जवळजवळ सरळ ठेवून आणि आत झुकवून एका पायावर उतरतो. तळवा रुतलेला, मांडी वळलेली, पिळाचा सगळा भार मधल्या गुडघ्यावर. कबड्डीत चढाईपटू बोनस घेऊन एकदम मागे वळतो तेव्हा आणि खो-खोत पाठलाग करणारा खांबाला वळसा घालतो तेव्हा हीच घडी येते. पकडीत घोटा धरलेला असताना बाजूने दुसऱ्या बचावपटूचा डॅश, म्हणजे अंगाचा जोरदार धक्का, बसला, तर आधी एमसीएल ताणले जाते आणि जोर जास्त असला तर एसीएलही सोबत जाते. वाकवलेल्या गुडघ्यावर थेट आपटल्याने किंवा मोटारीच्या अपघातात नडगी समोर आदळल्याने पीसीएल तुटते.

ओळख : या दुखापतीत क्ष-किरणापेक्षा खेळाडूची हकिगत जास्त बोलते. तीन प्रश्न विचारावेत. आवाज आला का? एसीएल तुटताना पुष्कळांना ‘कट्’ असा आवाज येतो किंवा आत काही निसटल्याचे जाणवते. पुढे खेळता आले का? बहुधा येत नाही. सूज किती वेळात आली? हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. दोन-चार तासांत गुडघा फुगून टम्म झाला तर सांध्यात रक्त साचले आहे, आणि तरुण खेळाडूत असे रक्त साचण्याचे सर्वांत मोठे कारण एसीएल तुटणे हेच असते. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली तर संशय गादीकडे वळतो. गुडघा एका ठिकाणी अडकून सरळच होत नसेल तर गादीचा फाटलेला तुकडा मधे आल्याची शक्यता असते, आणि तिथे वाट पाहू नये.

खरा चकवा पुढे आहे. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, वेदना जाते, खेळाडू सरळ रेषेत धावूही लागतो. ‘मुरगळलं होतं, बसलं’ असे म्हणून तो संघात परततो आणि पहिल्याच जोरकस वळणावर गुडघा निसटतो. तुटलेले एसीएल सरळ चालीत फारसे काही सांगत नाही, ते वळणावरच बोलते. असा गुडघा जितक्यांदा निसटतो तितक्यांदा गादी आणि कूर्चा झिजते. पहिल्या दुखापतीने केले नसेल ते नुकसान या परतण्यांनी होते.

तपासणीत डॉक्टर गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. ती जास्त सरकली आणि शेवटी ‘टक्’ असा आधार लागला नाही, तर एसीएल गेले. या लॅकमन चाचणीचे नाव फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील शल्यविशारद जॉन लॅकमन यांच्यावरून पडले. ती 1976 मध्ये लिखित स्वरूपात आली. गुडघा काटकोनात वाकवून केलेली जुनी ओढचाचणी ताज्या, दुखऱ्या गुडघ्यात अनेकदा फसते, कारण मांडीमागचे स्नायू आखडून नडगीला धरून ठेवतात. तपासणी शक्यतो लगेच, सूज चढण्याआधी, नाहीतर काही दिवसांनी पुन्हा करावी. दुसऱ्या पायाशी तुलना केल्याशिवाय तिला अर्थ नाही, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात.

क्ष-किरण काढायचा तो हाड तुटले नसल्याची खात्री करायला. नडगीच्या बाहेरच्या कडेचा बारीक टवका उडालेला दिसला तर एसीएल तुटल्याचा तो जवळजवळ पुरावाच असतो. फ्रेंच शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी 1879 मध्ये त्याचे वर्णन केले. एमआरआयमध्ये लिगामेंट, गादी आणि हाडाला बसलेला मुका मार स्पष्ट दिसतो. मात्र अहवाल वाचून गुडघ्याला हात न लावता शस्त्रक्रिया ठरवणे चूक. वाढत्या वयातील मुलांत लिगामेंटऐवजी ते जिथे चिकटलेले असते तो हाडाचा तुकडाच उपटला जातो, म्हणून त्यांचा क्ष-किरण टाळू नये.

एक अपवाद मात्र तातडीचा. दोन-तीन लिगामेंट एकदम तुटून सांधा निखळला असेल तर गुडघ्यामागची रोहिणी, म्हणजे पावलाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी, इजा पावलेली असू शकते. पाऊल थंड, फिके पडले किंवा नाडी लागेना तर प्रश्न गुडघ्याचा राहत नाही, पायाचा होतो, आणि हाती जेमतेम सहा-आठ तास असतात. सांधा आपोआप जागेवर बसलेला असला तरी हा धोका टळत नाही. पाऊल वर उचलता येत नसेल तर बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू दुखावला आहे.

मैदानावर : खेळ थांबवावा, गुडघ्याला आधार द्यावा, दाबपट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा आणि बर्फ कापडात गुंडाळून दर दोन-तीन तासांनी 15-20 मिनिटे लावावा. आखाड्यात आणि गावोगावच्या संघांत गरम तेलाने चोळण्याची, ओढून ‘बसवण्याची’ सवय अजून आहे. ताज्या दुखापतीत शेक आणि मालिश रक्तस्राव वाढवतात आणि ओढाओढीत अर्धे फाटलेले लिगामेंट पूर्ण जाऊ शकते. वस्तादांचा हात दुखऱ्या स्नायूला मोलाचा असला तरी रक्त साचलेल्या गुडघ्यावर तो पडू नये.

उपचार : कोणते लिगामेंट, यावर सारे ठरते. एमसीएलला रक्तपुरवठा चांगला असतो आणि ते सांध्याबाहेर असते, त्यामुळे बिजागरीच्या पट्ट्यात राहून, व्यायाम करत ते बहुधा आपोआप जुळते. हलक्या दुखापतीत एक-दोन आठवडे, पूर्ण तुटल्यास सहा किंवा अधिक. एकट्या पीसीएललाही पुष्कळदा व्यायामच पुरतो. एसीएल मात्र सांध्याच्या द्रवात बुडालेले असल्याने तुटलेली टोके जोडणारी रक्ताची गाठ तिथे टिकत नाही. इंग्लंडमधील लीड्सचे शल्यविशारद मेयो रॉबसन यांनी 1895 मध्ये तुटलेली टोके शिवली होती. ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज यांनी 1917 मध्ये मांडीच्या आवरणाची पट्टी वापरून नवे लिगामेंट घडवले, आणि आजची पद्धत त्याच वाटेने गेली आहे : हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूंची), वाटीखालची किंवा वाटीवरची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, घेऊन ती दुर्बिणीने, हाडात बोगदे पाडून बसवतात.

प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, सक्रिय लोकांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया आणि अर्ध्यांना आधी व्यायाम, गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया, असे उपचार दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया लागलीच नाही. पोहणारा, सायकल चालवणारा किंवा सरळ धावणारा यांना हा मार्ग मोकळा आहे. कबड्डीपटूला, खो-खोपटूला किंवा मल्लाला तो सहसा पुरत नाही. शस्त्रक्रिया करायचीच तर सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर करावी. सुजलेल्या गुडघ्यावर घाईने केली तर तो आखडून बसतो.

परतणे : शस्त्रक्रिया ही सुरुवात असते, हे खेळाडूच्या घरच्यांना सांगताना फिजिओथेरपिस्टचा निम्मा वेळ जातो. नवी कंडरा पहिल्या काही महिन्यांत उलट कमजोर होत जाते आणि मग हळूहळू लिगामेंटसारखी होते. वेदना नसताना ती सर्वांत नाजूक असते. पहिले ध्येय गुडघा पूर्ण सरळ करणे, मग मांडीचा पुढचा स्नायू परत भरणे, मग धावणे, उडी, वळण. एका पायावरच्या उड्यांत आणि ताकदीत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय सामना खेळू नये, असा संकेत आहे. नॉर्वेतील खेळाडूंवरच्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परतणे नऊ महिन्यांपर्यंत पुढे ढकलल्यास दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका सुमारे निम्म्याने घटलेला दिसला. तरीही सगळे परत येत नाहीत. स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांचे प्रमाण अर्ध्याहून थोडेच जास्त आहे, आणि त्यात गुडघ्याइतकाच मनातल्या धास्तीचा हात असतो. कुस्तीपटू विनेश फोगाट 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधून गुडघा दुखावून स्ट्रेचरवर बाहेर गेली आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकली. 2023 मध्ये मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिकच्या मॅटवर उतरली.

प्रतिबंध : सारख्याच खेळात मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून अधिक होते. कंबरेची ठेवण, संप्रेरके, उतरताना गुडघा आत झुकणे अशी कारणे दिली जातात. त्यांतले शेवटचे तेवढे शिकवून बदलता येते. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘फिफा 11+’ हा 20 मिनिटांचा सराव नेमके हेच करतो : उडीनंतर गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणे, एका पायावर तोल, हॅमस्ट्रिंग बळकट करणे. त्याला मैदान, चेंडू, खुणेचे शंकू आणि जोडीदार यांपलीकडे काही लागत नाही. आठवड्यातून किमान दोनदा आणि हंगामभर केला तरच उपयोग दिसतो. स्पर्धेच्या आठवड्यात उरकलेला सराव गुडघ्याला काही शिकवत नाही.