सायक्लेमेनची पानं गेली म्हणजे झाड मेलं?

बऱ्याच वर्षांपासून फिरणारा एक समज: सावलीतल्या सायक्लेमेनची (कंदातून वाढणारं छोटं फुलझाड) पानं उन्हाळ्यात पिवळी पडून गेली की झाड मेलं, एकतर उपटा नाहीतर भरपूर पाणी घाला.

वरून सगळं रिकामं दिसतं त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे, पण हे झाड तेव्हा झोपलेलं असतं. बागेत टिकणाऱ्या बहुतेक जाती मूळच्या भूमध्य समुद्राच्या आजूबाजूच्या, तिथे उन्हाळा कोरडा, म्हणून यांचं चक्र उलटं. यातल्या हेडेरिफोलियम जातीला फुलं शरद ऋतूत येतात, पानं हिवाळाभर राहतात आणि उन्हाळा आला की सगळं खाली कंदात जातं. कूम ही दुसरी जात मात्र हिवाळ्याच्या शेवटी फुलतं.

आता खात्री कशी करायची? बोटाने वरची माती हळूच बाजूला करा, कंद चपटा, गोल, तपकिरी असतो, तो दाबून बघा. बटाट्यासारखा टणक लागला तर जिवंत आहे, माती परत सारा आणि सोडून द्या. मऊ, पिचपिचीत लागला तर कुजलाय, आणि कुजण्याचं नेहमीचं कारण म्हणजे झोपेच्या काळात घातलेलं तेच जास्तीचं पाणी!

कंद फार खोल पुरू नका, वर ३ ते ५ सेंमी पानांचं खत पुरतं. हेडेरिफोलियमची मुळं कंदाच्या वरच्या बाजूने आणि कडेने फुटतात, त्यामुळे त्या जागी खुरपं चालवू नका, एक खूण रोवून ठेवा, कारण रिकामी जागा समजून बरेच कंद चुकून खणले जातात.