चेन ढिली की चेन लांबलेली?

जुन्या जावा-येझदी मोटरसायकलची चेन खडखडायला लागली की जळगाव-धुळ्याकडे पहिला इलाज ठरलेला: मागचं चाक जरा मागे ओढा, नट आवळा आणि निघा. चेन नुसती ढिली असेल तर इलाज बरोबर आहे. ती लांबलेली असेल तर मात्र आवाज चार दिवस दबतो आणि ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

ढिल्या चेनमध्ये दोष बसवणीचा असतो. पंक्चर काढताना चाक उतरवलं, चाक मागेपुढे सरकवून चेन ताणणारे ॲडजस्टर पुन्हा नीट लावले नाहीत, नाहीतर ॲक्सलचा नट सुटत आला. चाक हळूहळू फिरवत चेन वरखाली हलवून पाहा, झोल सगळीकडे साधारण सारखा लागेल.

लांबलेल्या चेनचा झोल एका जागी भरपूर, तर अर्धा फेरा फिरवला की चेन ताठ. तिचं पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजतात, तीही कमीजास्त, आणि त्या केसभर झिजेची बेरीज होत जाते. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ ग्रीसमध्ये शिरली की तिची घासणारी पेस्टच होते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून रोज फिरणाऱ्या गाडीला हे वेगळं सांगायला नको. ॲडजस्टर पार शेवटाला टेकले असतील तर मोजमापाचीही फारशी गरज नाही.

तरी मोजाच. जावा-येझदीची चेन बंद केसमध्ये आणि रबरी नळ्यांमध्ये लपलेली असते, म्हणून झीज उशिरा कळते. चेनची दोन टोकं जोडणारी कडी, म्हणजे चेन-लॉक, काढा, चेनच्या एका टोकाला जुन्या चेनचा तुकडा जोडा आणि तो आत ओढला जाईल अशी चेन बाहेर काढा. म्हणजे परत घालताना केस उघडावी लागत नाही. चेन रॉकेलने धुऊन फरशीवर ताणून ठेवा. ही चेन अर्ध्या इंची पिचची, म्हणजे दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर, त्यामुळे पहिल्या पिनच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत नवीन असताना बरोबर १२ इंच भरतात. सव्वाबारा भरले तर तिचे दिवस संपले.

कन्नड घाट चढताना कटकट करत दणके बसले तर चेन स्प्रॉकेटचे, म्हणजे तिच्या दातेरी चक्राचे, दात सोडते आहे. इंजिन नुसतंच भणाणलं आणि गाडी ओढेना, तर चेनला हात लावू नका, तो क्लच आहे.

नवी चेन झिजलेल्या दातांवर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. दात आकड्यासारखे वाकले असतील तर दोन्ही स्प्रॉकेट बदला. तेव्हा केस उघडावीच लागते. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, मूळ माल शोधावा लागतो, म्हणून खरं तर चेन वेळेवर बदललेली स्वस्त. झोल मात्र सगळ्यात ताठ जागी मोजून दोन-तीन सेंटीमीटर ठेवा, आणि चेन-लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला येऊ द्या.