सफारीतला बिबट्या आणि उसातला बिबट्या

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या प्रस्तावित बिबट सफारीचा विषय निघाला की पारावर पहिला प्रश्न ठरलेला: "मग आमच्या उसातले बिबटे तिथे कधी नेणार?" गोंधळ इथूनच सुरू होतो.

कुकडी धरण प्रकल्पाचं पाणी आलं, बाजरी गेली, ऊस आला. त्यात नवं सांगण्यासारखं काही नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, वर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून पुन्हा येणारं पीक. मादी उसातच विते. तोडणीत पिल्लं सापडली की क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच फडात ठेवायची; रात्री आई येते, क्रेट पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. ही पिल्लं डोंगर न बघताच मोठी होतात.

२००१ नंतरची दोन-तीन वर्षं मात्र विसरता येत नाहीत. हल्ले वाढले, पिंजरे लागले, पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात सोडले गेले. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा वर्षाला सरासरी ४ असणारे हल्ले १७ वर गेलेले निघाले आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ वर. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इकडे मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरं येऊन बसतं. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच पकडून दुसरीकडे सोडण्याला आळा घातला. सोडण्याजोगे नसलेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात राहिले.

आता 'सफारी' या शब्दाकडे. ऐकणाऱ्याला वाटतं, मोकळं जंगल आणि जीपगाडी. प्रत्यक्षात ते मोठ्या कुंपणाचं प्राणिसंग्रहालयच: रात्रीच्या खोल्या, ठरलेला खुराक, पशुवैद्य, दिल्लीची मंजुरी. आत जाणार ते आधीच पिंजऱ्यात असलेले. उसातला एकही त्यामुळे आपोआप कमी होत नाही. हे पुढाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही, पण सभेत कुणी फोड करून सांगत नाही. २०२२ मध्ये सफारी बारामती तालुक्याकडे जाणार अशी चर्चा उठली तेव्हा जुन्नरकर पेटले ते 'आमची सफारी पळवली' म्हणून. भांडण पर्यटनाचं होतं, आणि ते रास्तही होतं. हल्ले सोसायचे इथल्यांनी आणि तिकीटखिडकी दुसरीकडे का? सफारीची जागा म्हणून जुन्नर तालुक्यातल्या ओतूरजवळच्या आंबेगव्हाणचं नाव त्या वेळी घरोघरी झालं. फक्त त्या भांडणाला संरक्षणाचं नाव दिलं गेलं.

मग २०२५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात सुमारे तीन आठवड्यांत तीन बळी गेले. पुणे-नाशिक रस्ता अडला, वनखात्याची गाडी जळली, बिबट्याला गोळी घालण्याचा हुकूम निघाला. नसबंदीची जुनी मागणी पुन्हा वर आली. त्याच दिवसांत पिंपरखेडला बायका-माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाताना दिसली. तसले पट्टे आजवर धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचे.